शब्दचर्चा: 'हितसंबंधी गट' म्हटलं की लोकांना भानगड का वाटते?

पुस्तिकावाली: मदत हवीये. बिडी कामगार बायकांसाठी एक छोटी पुस्तिका इंग्रजीतून मराठीत करतीये, सरकारी धोरणावर कोण कुठून जोर लावतं असा विषय. 'इंटरेस्ट ग्रुप'ला मी 'हितसंबंधी गट' लिहिलं. परवा सोलापुरात अशोक चौकाच्या मागं एका घरी वाचून दाखवत होते, मावशींच्या मांडीवर सूप, कातरीनं पान कापणं चालूच, मान वर न करता म्हणाल्या, "हितसंबंध म्हणजे भानगडच की. आमचं हित हाय त्यात, भानगड कसली?" खरंय ना, 'यांचे हितसंबंध गुंतलेत' असं आपण कुणाबद्दल चांगल्या अर्थानं म्हणतो का? मग काय लिहू?

सातरस्ता: दबावगट. राज्यशास्त्रात हेच शिकलो. पक्ष निवडणूक लढवतो, दबावगट लढवत नाही, निवडून आलेल्यांवर दबाव आणतो. चांगलं वाईट काही चिकटत नाही त्याला.

मंगळवेढेकर: लॉबी लिहा सरळ. साखर लॉबी, कांदा लॉबी, कुणालाही कळतं. डिसेंबर २०२३ मधे ७ तारखेला केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली आणि आठवड्याभरात १७ लाख टन साखरच त्यासाठी वळवायची अशी मर्यादा घालून परत परवानगी दिली, तेव्हा आमच्याकडं पारावर सगळे "लॉबीनं काम केलं" असंच म्हणत होते, दबावगट कुणीच म्हणालं नाही.

अनुस्वार: लॉबी म्हणजे सभागृहाबाहेरचं दालन, तिथं लोक सदस्यांना गाठायचे म्हणून हा अर्थ आला. आपल्याला ते दालन कशाला उसनं हवं? 'प्रभावगट' करा. सावरकरांनी महापौर दिला तेव्हाही लोकांना जड वाटलाच असेल, आज मेयर कोण म्हणतं?

कन्नाचौक: महापौर रुळला कारण रोज पेपरात यायचा. प्रभावगट म्हटलं की मला महापालिकेचा प्रभाग आठवतो. आणि मराठीत शब्द आहेत की, 'फिल्डिंग लावली', 'सेटिंग केलं', आणि अस्सल हवा तर मोर्चेबांधणी! मंत्रिपदासाठी मोर्चेबांधणी म्हणतो तेव्हा रस्त्यावर कुणी नसतं, सगळं बंद खोलीत चाललेलं असतं.

पूर्वभागकर: मला शब्दापेक्षा दुसरंच सांगायचंय. तंबाखूच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत धोक्याचं चित्र छापायचा नियम २०१४ ला निघाला आणि लागू झाला १ एप्रिल २०१६ ला. मधल्या काळात संसदेची समिती त्यावर बसली, त्यात एक सदस्य स्वतःच बिडीच्या धंद्यातले. त्याच दिवसांत आई ज्या कारखान्याला बिड्या द्यायची त्यांनी काम बंद ठेवलं आणि बायकांना सांगितलं या नियमाविरुद्ध मोर्चाला चला, नाहीतर हातचं काम जाईल. आई गेली, मोर्चे जिथं येतात त्या पूनम गेटसमोर उन्हात बसली, पेपरात फोटो आला तो बायकांचा, मालक कुठंच नाही. आणि त्याच्या आधी ती त्याच गेटसमोर किमान वेतनासाठी बसली होती, त्याच मालकाविरुद्ध. आता सांगा, दोन्ही वेळा दबावगटच का? तिची भीती खरी होती, पण मागणी दुसऱ्याची होती. आमच्या घरात याला एकच शब्द आहे, "बायकांना पुढं केलं".

पुस्तिकावाली: हेच. पुस्तिकेत नेमका यावर एक धडा आहे, लोकांचं मत आहे असं दाखवून आपलं काम करून घेणं. तिथं 'पुढं करणे' घेतलं तर चालेल?

अनुस्वार: ते क्रियापद आहे, संज्ञा नाही. मथळ्यात काय लिहिणार?

पूर्वभागकर: क्रियापदच बरं. कुणी केलं ते सांगावं लागतं.

सातरस्ता: पण मग रीतसर संघटना बांधून हक्क मागणाऱ्यांना काय म्हणणार? गोदूताई परुळेकर वसाहतीत बिडी कामगारांना दहा हजार घरं मिळाली ती दबावामुळंच ना? तो शब्द बदनाम करू नका, माझी विनंती आहे.

मंगळवेढेकर: दबाव कोण मान्य करतं? अमेरिकेत १९९५ च्या कायद्यानं लॉबी करणाऱ्याला नाव नोंदवावं लागतं, कुणासाठी करतो ते सांगावं लागतं. आपल्याकडं असा कायदाच नाही, म्हणून नावं पण झाकलेली आणि कामं पण.

अनुस्वार: कन्नाचौक, मोर्चेबांधणी अस्सल नाही हं. मोर्चा फारसीतून आलाय, मूळ अर्थ तोफा लावायची जागा, किल्ल्याला मोर्चे लावायचे.

कन्नाचौक: मग तर जास्तच बसतो! आधी जागा धरायची, मग मारा. आणि फारसी म्हणून काढायचं तर सरकारपण काढा, तोही तिकडचाच. 'कंपू' चालतो का तुम्हाला? महादजींच्या कवायती पलटणींना कंपू म्हणायचे, आता चार जणांच्या टोळक्याला म्हणतात.

अनुस्वार: कंपू कंपनीवरून आला असं माझे आजोबा सांगायचे.

कन्नाचौक: छे, छावणी म्हणतात ना, कँप, त्यावरून.

पुस्तिकावाली: शुक्रवारी छापायला द्यायचीये हो. इंटरेस्ट ग्रुपचं काय करू?

पूर्वभागकर: आईला आत्ता विचारलं, ती म्हणते, "त्यांचे लोक" आणि "आपले लोक" लिही. बाकी ती दुसरंच विचारत बसलीये, कारखान्यात नापास करून बाजूला टाकलेल्या बिडीला 'छाट' म्हणतात, त्याचा पैसा मिळत नाही, आमच्या तेलुगूतपण घरी छाटच म्हणतात. तो शब्द छाटणे वरूनच ना? कुणाला माहितीये?