शिरोलीतल्या लहान फाउंड्र्यांनी आयटीआयशी जोडून कसं घ्यायचं?

मोल्डबॉक्स:
कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आम्ही सात लहान फाउंड्र्यावाले (धातू वितळवून वस्तू ओतणारे), प्रत्येकाकडे १५ ते २५ माणसं. मोल्डर (वाळूचा साचा बनवणारे), कोअरचे (साच्यात पोकळीसाठी बसवायच्या वाळूच्या गाभ्याचे) कारागीर पन्नाशीला आलेत आणि नवी पोरं पुण्याची गाडी पकडतात. आयटीआयशी करार करायचं घाटतंय, पण एचआर वगैरे कुणाकडेच नाही. सुरुवात कुठून? अंगावर काय काय पडतं?

कागदवाला:
करार, हार, फोटो सगळं नंतर. तुमच्या आकाराच्या शॉपला १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याची वाट सोपी. ३० किंवा जास्त माणसं असतील तर शिकाऊ घेणं सक्तीचं. ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. शिकाऊंचं प्रमाण कंत्राटी माणसं धरून एकूण माणसांच्या अडीच ते १५ टक्के, म्हणजे २० जणांच्या शॉपला जास्तीत जास्त ३. विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिन्याला कमाल १५०० रुपये, केंद्र सरकार थेट शिकाऊच्या खात्यात टाकतं. खातं आधारला जोडलेलं नसलं की तो अडकतो, आणि पोरगं तुमच्याकडेच मागायला येतं. म्हणून रुजू करून घेतानाच तपासा.

पीएफ-ईएसआय लागत नाही, पण कामावर इजा झाली तर भरपाई मालकाची. विमा काढाच. सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर सात जणांनी सात ठिकाणी डोकं फोडण्यापेक्षा असोसिएशनला थर्ड पार्टी अ‍ॅग्रिगेटर (अनेक मालकांचं शिकाऊंचं काम एकत्र बघणारी संस्था) म्हणून उभं करा. शिकाऊशी होणारं कंत्राट मात्र ज्याच्या त्याच्या नावावर.

निदेशक:
एक गोष्ट हमखास नडते: वय. फाउंड्री धोकादायक प्रक्रियेत मोडते, तिथे शिकाऊ १८ पूर्ण हवा. दहावीनंतर फाउंड्रीमनचा एक वर्षाचा ट्रेड केलेलं पोरगं बऱ्याचदा १७ चंच असतं. निवड करताना आधी जन्मतारीख बघा, नाहीतर वर्षभर ओळखीतलं झालेलं पोरगं ऐनवेळी हातचं जातं.

आणि संस्थेकडे जाताना 'चांगली मुलं द्या' एवढंच म्हणू नका राव. काय येत नाही ते लिहून न्या. आयएमसीचा (आयटीआयच्या व्यवस्थापन समितीचा) अध्यक्ष उद्योगातलाच असतो, त्याच्यामार्फत विषय बैठकीत घ्या. आमच्या निदेशकांनाही आठवडाभर तुमच्या शॉपवर उभं करा. कित्येकांनी ऑटोमॅटिक मोल्डिंग लाइन जवळून पाहिलेली नसते.

वाळूवाला:
ती यादी रिजेक्शनच्या (नापास मालाच्या) रजिस्टरातून काढा. सहा महिन्यांची पानं घ्या आणि दोषावार बेरीज मारा. ब्लो होल (वायू अडकून पडलेली पोकळी) जास्त असतील तर ओलावा आणि पर्मिएबिलिटी (वाळूतून वायू बाहेर जाण्याची क्षमता) शिकवायला सांगा. वाळू कोरडी पडून कडा ढासळत असतील, तर वाळूचे कण कास्टिंगमध्ये (ओतलेल्या वस्तूत) सापडतील. औषध तेच, ओलाव्याची चाचणी. मिसमॅच (साच्याचे दोन भाग नीट न जुळणं) असेल तर साच्याचे भाग जुळवणाऱ्या पिना आणि बुश झिजलेत, तिथे पोराला गेज धरायला शिकवा. कोल्ड शट (धातूचे दोन प्रवाह एकजीव न होणं) हा बहुतेकदा लॅडल, म्हणजे ओतायचं पात्र, गार पडल्याचा प्रकार, त्याला पायरोमीटर (तापमान मोजायचं यंत्र).

बहुतेक शॉपवर होतं ते उलटंच: पहिल्याच दिवशी पोराच्या हातात फावडं, नाहीतर फेटलिंगचा (ओतलेल्या वस्तूवरचा जादा धातू घासून काढायचा) ग्राइंडर. महिन्याभरात तो जातो, आणि मालक म्हणतो आजकालच्या पोरांना कष्ट नकोत. पहिले दोन महिने वाळू आणि कोअर, मग मोल्डिंग, भट्टी शेवटी. प्रत्येक टप्प्यावर कोण शिकवणार त्याचं नाव कागदावर हवं. त्या कारागिराच्या पगारात थोडं काही घातलंत तर तो हातचं राखणार नाही.

मोल्डबॉक्स:
मग वाळूच्या चाचणीची यंत्रं प्रत्येकानं घ्यायची का?

वाळूवाला:
नाही. रॅमर (वाळू ठोकून नमुना बनवायचं यंत्र), पर्मिएबिलिटी मीटर आणि स्ट्रेंग्थ मशीन यांचा एक संच वर्गणी काढून आयटीआयत बसवा. पोरंच तीन ठोक्यांत ५० मिमी व्यासाचा, ५० मिमी उंचीचा नमुना पाडून आकडे देतील. पण ओलावा तिथे मोजू नका, वाटेत वाळू सुकते. त्याला कार्बाइडचा मॉइश्चर टेस्टर शॉपवरच ठेवा. बाकी नमुना हवाबंद पिशवीत, वेळ आणि मिक्सरचा बॅच नंबर लिहून पाठवा.