‘प्यार तूने क्या किया’ काळाच्या पुढचा? मुळीच नाही

शेवटचा_शो
काल घाटमाथा यांनी लिहिलं, की २००१ चा ‘प्यार तूने क्या किया’ काळाच्या पुढचा होता आणि प्रेमातल्या वेडाचं इतकं खरं चित्रण हिंदीत दुसरं नाही. वाचून रात्रभर डोक्यात घोळत राहिलं, म्हणून सविस्तर लिहिते.

फर्दीनचा जय उर्मिलाच्या रियाचे फोटो तिच्या नकळत काढतो आणि ते छापूनही येतात. चूक इथून सुरू होते. ती चिडते, मग त्याच्यासाठी मॉडेलिंग करायला लागते, प्रेमात पडते. आपलं लग्न झालंय हे हा गृहस्थ तिला वेळेवर सांगत नाही. पुढचा अख्खा सिनेमा मात्र तिच्याच मागे हात धुऊन लागतो. जयला एकही अवघड प्रश्न कुणी विचारत नाही. तो सज्जन नवरा म्हणून सुटतो, ती वेड्यांच्या इस्पितळात.

थरारपट म्हणूनही कच्चाच. मध्यंतरानंतर प्रत्येक वळण आधीच दिसतं आणि पार्श्वसंगीत कानाशी ओरडून ‘आता घाबरा’ म्हणतं. याच राम गोपाल वर्मांनी १९९९ साली ‘कौन’मध्ये एक घर आणि तीन माणसं घेऊन घाम फोडला होता. इथे ते निर्माते, दिग्दर्शन रजत मुखर्जींचं. फरक ढळढळीत दिसतो.

घाटमाथा
मी जे लिहिलं त्यावर ठाम आहे. ‘डर’मध्ये (१९९३) शाहरुख पोरीच्या मागे लागला तर थिएटरात शिट्ट्या पडल्या, ‘क-क-क-किरण’ पोरंटोरं म्हणत हिंडली. ते कुणाला टोचलं नाही. बाई मागे लागली की लगेच अन्याय? ‘रंगीला’नंतर उर्मिला मोठी नायिका होती, तिनं अशी भूमिका घेणं हा धोका होता. फिल्मफेअरला खलभूमिकेसाठी तिचं नामांकन झालं, ते उगाच नाही. त्या डोळ्यांकडे बघा आणि मग बोला.

कडूकारले
दोघांनी मिळून तिसरीला विसरलात. जयची बायको झालेली सोनाली कुलकर्णी! ‘दोघी’सारखा सिनेमा केलेली नटी, आणि इथे तिला काम काय, तर नवऱ्यावर विश्वास ठेवायचा आणि शेवटी घाबरायचं. मराठी अभिनेत्री हिंदीत गेली की सोशिक बायको नाहीतर मोलकरीण, हे कधी थांबणार? यावर कुणी वेगळं लिहा.

भरतीओहोटी
मला त्या शेवटाबद्दल बोलायचंय. माझी धाकटी बहीण आजारी आहे, मनाच्या आजारानं. सकाळी डबीतून गोळी काढते, पाण्याबरोबर घेते, डबी खिडकीत ठेवते आणि आठ-पाचची लोकल पकडून कामावर जाते. तिनं आजवर कुणाला बोटही लावलेलं नाही. लग्नाची बोलणी मात्र दोनदा मोडली, कारण समोरच्यांना ‘तसल्या’ बायका सिनेमातूनच माहीत. वेड लागलं म्हणजे केस मोकळे, डोळे फाडलेले, हातात सुरी. हे तुम्हाला खरं चित्रण वाटतं?

घाटमाथा
बहिणीबद्दल आदर आहे. पण सिनेमा हा माहितीपट नाही. सगळ्यांना सांभाळून लिहायला बसलं तर थरारपट निघणारच नाहीत.

भरतीओहोटी
सांभाळून घ्या असं कोण म्हणालं? आजार दाखवायचा तर नीट दाखवा. समोरचा आपल्यावर प्रेम करतो अशी ठाम, खोटी खात्री बसण्याचा आजार असतो. क्लेराम्बो या फ्रेंच डॉक्टरनं १९२१ मध्येच त्यावर सविस्तर लिहिलं होतं. रियाला तो होता की फसवणुकीचा धक्का, हे सिनेमाला ठरवताच आलं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं भूल न देता विजेचे झटके देण्यावर बंदी घातली, तरी लोकांच्या मनात अजून ‘ठाण्याला पाठवा’ हीच थट्टा आहे. ती थट्टा कुठून आली?

वकिलीण_डोंबिवली
आजाराचं पटलं, पण खऱ्या आयुष्यात पाठलाग करणारे बहुतेक आजारी नसतात, हेही लिहा. मी शिकत असताना एकजण रोज फलाट क्रमांक पाचवर उभा राहायचा. बोलायचा नाही, नुसता बघायचा. तक्रार द्यायला गेले तर ‘त्यानं हात लावला का? मग काय लिहू?’ तेव्हा कलमच नव्हतं. पाठलागाचं कलम, दंडसंहितेतलं ३५४ ड, २०१३ मध्ये आलं, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय न्यायसंहितेत ते ७८ आहे. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केलं तर पाच. आणि घाटमाथा, या कलमात आरोपी पुरुषच असू शकतो, पीडित बाईच. तुमच्या रियावर ते लागलंच नसतं. का, याचा विचार करा.

घाटमाथा
म्हणजे बाईनं केलं तर गुन्हाच नाही? माझ्या मित्राला एका मुलीनं वर्षभर हैराण केलं, त्याच्या कचेरीत जाऊन आरडाओरडा केला. त्यानं कुठे जायचं?

वकिलीण_डोंबिवली
धमकीची, त्रासाची इतर कलमं आहेत, त्याला सांगा. पण फलाटावर ज्या मुली मान खाली घालून पुढे सरकतात, त्यांच्या शेजारी एक मित्र उभा करून हिशोब बरोबरीचा होत नाही. उल्हासनगरला १९९० मध्ये परीक्षा केंद्रात शिरून मुलीला जाळलं होतं. २०२० मध्ये हिंगणघाटला भर रस्त्यात. कृपा करून ‘दोन्ही बाजू’ नकोत.

घाटमाथा
आवाज चढवू नका. मी त्या घटनांचं समर्थन केलेलं नाही.

कडूकारले
सोनालीबद्दल कुणीच बोलणार नाही ना?

शेवटचा_शो
बोलते, कारण माझा मुद्दा तिथेच येतो. ‘फेटल अॅट्रॅक्शन’मध्ये (१९८७) मूळ शेवट वेगळा होता, लग्न झालेल्या पुरुषाच्या मागे लागलेली ॲलेक्स स्वतःचा जीव घेते आणि संशय त्या नवऱ्यावर येतो. चाचणी खेळात प्रेक्षकांना तो रुचला नाही, म्हणून बायकोच्या हातून तिला मारणारा शेवट पुन्हा चित्रित केला. ॲलेक्स झालेल्या ग्लेन क्लोजचा त्याला विरोध होता. तिथे निदान नवऱ्याला किंमत मोजायला लावणारा शेवट कुणीतरी लिहिला तरी होता. आपल्याकडे सोनालीच्या गीतानं नवऱ्याला एकदा तोंडावर विचारायला हवं होतं, की तिचे फोटो तिला न विचारता का काढलेस. तेवढ्या एका प्रसंगानं सोनालीलाही काम मिळालं असतं आणि जयही सुटला नसता.

घाटमाथा
तो प्रसंग हवा होता, एवढं मान्य. ‘डर’लाही हेच माप लावणार असाल तर. उर्मिलाच्या कामाबद्दल मात्र एक शब्द मागे घेणार नाही.

भरतीओहोटी
तिच्या कामाला कुणी नावं ठेवलीच नाहीत. तिच्यावर काय लादलं, ते बोलतोय आम्ही.