द्विशिक्षकी शाळेत एकट्याने हुरूप कसा टिकवायचा?

डोंगरपट्टा: जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, पट २१, शिक्षक दोन. सोबतचे सर वयाने मोठे, स्वभावाने चांगले, पण शिकवण्याचा विषय काढला की "पोर्टल भरलं का?" एवढंच. मुलानं काय लिहिलं, का चुकलं यावर बोलायला कुणी नाही. केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या) ग्रुपवर नुसते फोटो आणि अंगठे. बदलीची वाट न बघता काय करता येईल?

वहीखडू: मोठ्या ग्रुपकडून अपेक्षाच ठेवू नका. तिथे सजवलेलं तेवढंच दिसतं आणि आपलं काम उगाच फिकं वाटू लागतं. शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, जो कोणी स्वतःच्या वर्गातली अडचण उघडपणे मांडतो, त्याचा नंबर घ्या. एक माणूस पुरे. आठवड्यातून एक फोन, वार ठरलेला, २५ मिनिटं. आदल्या दिवशी एका मुलाच्या वहीचं एकच पान पाठवायचं, नाव झाकून.

समजा पानावर ५२ − २८ = ३६ आहे. हा निष्काळजीपणा नाही. मूल प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय: ८ मधून २, ५ मधून २. हातच्याचा नियम पुन्हा घोकून घेतला तर चूक चार दिवस दबते, जात नाही. दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या देऊन त्याच्याकडे २८ काड्या मागा. गठ्ठा सोडावाच लागतो. मग "५२ मधून ३० गेले तर साधारण किती?" हे तोंडी विचारा, म्हणजे ३६ त्याचं त्यालाच खटकेल. अशा एका पानावर दोघं बोललात की सोमवारी वर्गात काय करायचं ते हाताशी असतं, आणि हुरूप मुख्यतः त्यातूनच येतो.

हे फिसकटतं ते पाचव्या मिनिटाला: बोलणं बीएलओ (मतदार यादीचं काम), ऑनलाइन माहिती आणि बदल्यांवर जातं. कुरकुर जरूर करा, पण २५ मिनिटं झाल्यावर.

बहुवर्ग: सोबत एक शंभरपानी वही ठेवा. उभी नावं, आडवे महिने. महिनाअखेरीस प्रत्येकाचं वाचन ऐकून पातळी लिहा: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. एका मुलाला तीन-चार मिनिटं लागतात; परिपाठानंतर रोज चार-पाच मुलं घेतली तर आठवड्यात २१ होतात. उतारा पाठ्यपुस्तकातला नको, मुलं पाठ म्हणतात आणि आपण फसतो. दर आठवड्याला तपासू नका. इतक्या लवकर काही हललेलं दिसत नाही आणि आपणच खचतो. ही वही कुणाला दाखवायची नाही, भिंतीवर तर मुळीच लावायची नाही.

सह्याद्रीपल्याड: वरचं ठीक, पण सरांना इतक्या लवकर वजा करू नका. "उपक्रम" म्हटलं की जुन्या माणसाला आणखी एक अहवाल दिसतो. त्यांना मत बदलायला सांगू नका, नेमकं काम मागा. उदा. दुपारी ४० मिनिटं चारही इयत्तांची मुलं वाचनपातळीनुसार दोन गटांत बसवायची. परिच्छेद वाचणारा गट त्यांच्याकडे, अक्षर-शब्दांचा अवघड गट तुमच्याकडे. मुदत तीन आठवडे, प्रथम सत्राच्या परीक्षेनंतर. बदल्यात पोषण आहाराच्या नोंदी तुम्ही घ्या. केंद्रप्रमुख आले की सरांच्या गटाचं वाचन आधी दाखवा. आणि तुमचा एकटीचा किंवा एकट्याचा फोटो ग्रुपवर टाकू नका, सगळं तिथेच नासतं.

डोंगरपट्टा: गटांचं करून बघतो. फोनची अडचण अशी की शाळेत आणि मुक्कामी दोन्हीकडे रेंज नसते.

वहीखडू: मग व्हॉइस मेसेज. दोन मिनिटांच्या आत, एका मेसेजमध्ये एकच प्रश्न. लांबला तर समोरचा "नंतर ऐकतो" म्हणतो आणि राहून जातं. बाजाराच्या दिवशी रेंजमध्ये आलात की पान आणि आवाज दोन्ही पाठवा, उत्तर पुढच्या बाजाराला घ्या.