‘जलद जळणारी दारू’ला मराठीत काय म्हणावं?

अर्धविराम
पिस्तुलाची काडतुसं स्वतःच्या हाताने भरणाऱ्यांसाठी लिहिलेल्या एका पुस्तिकेचा अनुवाद करते आहे. त्यात एक अख्खं प्रकरण दारूच्या निवडीवर आहे. आखूड नळीला ‘फास्ट बर्निंग’ पावडर का बरी, वगैरे. मी सरळ ‘जलद जळणारी दारू’ लिहिलं होतं. संपादकांनी ते सगळीकडे खोडून ‘शीघ्र ज्वालाग्राही चूर्ण’ केलं आणि समासात शेरा मारला : ‘दारू नको, वाचक हसतील.’ मला ‘ज्वालाग्राही’ खटकतंय, पण का ते धड सांगता येत नाही. त्यांनीच पुढे ‘४ ग्रेन’चे ‘४ दाणे’ केलेत, त्यावर मात्र कुणी हसणार नाही म्हणे. काय करू?

दहा_मीटर
आधी ते दाणे काढा. आजच काढा. ग्रेन हे वजन आहे. ७००० ग्रेन म्हणजे एक पौंड, एक ग्रेन साधारण ६४.८ मिलिग्रॅम. ४ ग्रेन दारू तराजूच्या पारड्यात ओतली तर जेमतेम चिमूटभर दिसते, पण त्या चिमटीत दारूच्या बारीक चकत्या शेकड्यांनी असतात. वाचक चार चकत्या मोजून टाकेल आणि वर गोळी बसवेल.

‘ज्वालाग्राही’ का खटकतं तेही सांगतो. पेट्रोल ज्वालाग्राही, म्हणजे चटकन पेट घेणारं. इथे पेट घेण्याचा प्रश्नच नाही, प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टिकली, जलद आणि मंद दोन्ही दारूंना पेटवतोच. पेटल्यावर ती किती लवकर जळून संपते, हा प्रश्न आहे. जलद दारूचा दाब गोळी जागची जेमतेम हललेली असतानाच शिगेला पोहोचतो. हलकी गोळी आणि आखूड नळी असेल तर ते सोयीचं, दारूही थोडकी लागते. मॅग्नम, म्हणजे जास्त ताकदीच्या काडतुसाला किंवा रायफलीच्या लांब नळीला मंद दारू हवी, ती गोळीला मागून ढकलत राहते.

शुद्धमती
दारू फारसी, पावडर इंग्रजी. आपल्याकडे शब्दांचा दुष्काळ पडलाय का? ‘शीघ्रदाही अग्निचूर्ण’ म्हणा. ऐकायला भारदस्त आहे आणि अर्थही नेमका.

कोशकीटक
शुद्धमतीताई, गंमत बघा. फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. आणि चिनी भाषेत बंदुकीच्या दारूला म्हणतात ‘हुओ याओ’, शब्दशः ‘अग्नी-औषध’. औषधाच्या अर्थाचा एक शब्द खोडून संपादकांनी तिथे काय घातलं, तर ‘चूर्ण’! कोमट पाण्याबरोबर घ्यायचं का ते?

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशातही (१८५७ची आवृत्ती) दारूचे दोन्ही अर्थ सुखाने नांदतायत. दारूगोळा, दारूकाम, दारूखाना म्हणताना आजवर कुणी हसलेलं नाही.

शिवाय ‘चूर्ण’ वस्तू म्हणूनही चूक आहे. फ्रेंच रसायनज्ञ पोल व्हिएयने १८८४मध्ये नायट्रोसेल्युलोजची धूरविरहित दारू केली, तेव्हापासून हा माल भुकटी राहिलेलाच नाही. चपट्या चकत्या असतात, बारीक गोळ्या असतात, नाहीतर कापलेल्या काड्या. इंग्रजीतला ‘पावडर’ हा शब्दही आता नावापुरताच.

ठासणीवाला
आमच्या आजोबांची ठासणीची बंदूक होती. ते दोन डब्यांत दोन दारू ठेवत. बंदुकीच्या कानात, म्हणजे बार पेटवायच्या भोकाशी, घालायच्या रंजकेसाठी बारीक आणि नळीत बार भरायला भरड. मला नेहमी सांगत, ‘बारीक झटका देते, भरड रेटा देते.’ नवी दारू आली की चिमूटभर कागदावर ठेवून काडी लावायचे. फुर्र करून गेली आणि कागद नुसता करपल्यासारखा झाला तर पास. मागे काळे चिकट मणी राहिले किंवा कागद पेटला, की डबा परत.

सांगायचा मुद्दा, ‘झटक्याची दारू’ आणि ‘रेट्याची दारू’ असं का म्हणू नये?

अर्धविराम
ठासणीवाला, ‘झटक्याची दारू’ मला फारच आवडलं. संपादक मात्र त्यावर नक्की हसतील.

दहा_मीटर
शब्द झकास आहेत. पण अर्धविराम, एक तळटीप ठळक टाका. आजोबांची दारू काळी, म्हणजे सोरा ७५, कोळसा १५, गंधक १० टक्के. काळी दारू मापाने भरतात. धूरविरहित दारू तराजूवर तोलूनच भरायची, आणि ती ठासणीच्या बंदुकीत कधीही घालायची नाही, नळी फुटते. ‘दारू’ हा एकच शब्द दोघींना वापरणार असाल तर आधी ‘काळी’ किंवा ‘धूरविरहित’ दर वेळी लावा. कंटाळा आला तरी लावा.

बारीक-भरड मात्र नव्या दारूला जसंच्या तसं लावू नका. तिथे कण किती जाड, कुठल्या आकाराचा, वरून कसला लेप दिलाय, आत नायट्रोग्लिसरीन आहे की नाही, हे सगळं मिळून वेग ठरतो. कण पृष्ठभागावरून आत जळत जातो, म्हणून पातळ चकती लवकर संपते हे खरं. पण नुसत्या डोळ्यांनी बघून वेग कळत नाही.

उंटावरचा
‘रीलोडिंग’ला काय घेतलंय? वर्तमानपत्री मराठीत ‘पुनर्भरण’ होईल. काडतुसांचं पुनर्भरण वाचलं की मला विहिरीत पावसाचं पाणी सोडताना दिसतं.

अर्धविराम
मी ‘हातभरणी’ घेतलंय. काडतुसाच्या रिकाम्या केसला ‘पुंगळी’, तो शब्द बातम्यांनी रुजवलाच आहे. प्रायमर तसाच ठेवला.

शुद्धमती
प्रायमरला ‘टोपी’ होती की चांगली. लहानपणीच्या पिस्तुलाच्या टिकल्या तरी आठवा. आणि ग्रेन नकोच असेल तर आपली गुंज आहे ना! सोनं तोलायला चालते, दारू तोलायला का नाही? धान्याच्या दाण्यावरून त्यांनी माप केलं, गुंजेच्या बीवरून आपण केलं. हिशोब तोच.

कोशकीटक
हिशोब तोच नाही हो. ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा. तोळा १८० ग्रेनांचा. एक गुंज झाली १.८७५ ग्रेन. ‘४ ग्रेन’च्या जागी ‘४ गुंजा’ छापलंत तर साडेसात ग्रेन पडतील.

दहा_मीटर
आणि हात जाईल. जलद दारूची मेख इथेच आहे. ती इतकी थोडी लागते की पुंगळीचा तळ जेमतेम झाकला जातो. चुकून दोनदा ओतली तरी काही काडतुसांत वरून सांडत नाही, बाहेरून काही कळतही नाही. म्हणून जाणकार दिव्याखाली प्रत्येक पुंगळीत डोकावून मगच गोळी बसवतात. अशा ‘डबल चार्ज’ला काय म्हणणार आहात?

ठासणीवाला
दुबार! पेरणी दुबार होते तशी भरणी दुबार. त्यात ‘बार’ आयताच आला.

उंटावरचा
वा! मग दारू पडलीच नाही तर ‘फुसका बार’.

अर्धविराम
‘स्क्विब’ला मी तेच लिहिलं होतं, पण आता शंका येतेय. मराठीत फुसका बार म्हणजे नुसती वल्गना, कुणाचं काही बिघडत नाही. पुस्तिकेत मात्र ते मोठं संकट आहे. आवाज मऊ येतो, गोळी नळीतच अडकते, आणि नेमबाजाने न बघता पुढची झाडली तर नळी फुगते किंवा फुटते. हसण्यावारी नेण्याचा शब्द इथे चालेल?

ठासणीवाला
चालेल. शब्द मुळात बंदुकीचाच आहे, टिंगल मागाहून आली. आम्ही तो परत घरी आणतोय.

शुद्धमती
घरी कसला? ‘काडतूस’ पोर्तुगीज, ‘पिस्तूल’ पोर्तुगीज, ‘तोफ’ तुर्की, आणि ‘बंदूक’ तर व्हेनिसवरून आलीय. अरबीत व्हेनिसला ‘अल-बुंदुकिया’ म्हणतात. या घरात आपलं आहे तरी काय?

कोशकीटक
व्हेनिसची गोष्ट गोड आहे, पण मला पटत नाही. अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे हेझलनट, कवचाचं गोल फळ. त्यावरून तसल्या आकाराची गोळी, गोळीवरून ती मारणारं हत्यार. फळाचं ते नाव ग्रीक ‘पोंटिकोन’वरून, काळ्या समुद्राकाठच्या पोंटस प्रदेशातलं म्हणून.

शुद्धमती
माझ्या वडिलांनी मला व्हेनिसच सांगितलं होतं आणि ते भाषेचे शिक्षक होते.

कोशकीटक
वडिलांबद्दल आदर आहेच. पण दोन शब्द सारखे ऐकू आले म्हणून त्यांचं नातं लागत नाही. त्या न्यायाने तंबाखूचा ‘बार’ आणि पेल्यांचा ‘बार’ सख्खे भाऊ ठरतील.

उंटावरचा
तंबाखूचा बार मात्र बंदुकीचाच. तोही ठासूनच भरतात.

दहा_मीटर
मूळ प्रश्नाकडे येऊ का? ‘जलद’ ठेवा, ‘शीघ्र’ नको. ‘शीघ्र ज्वालाग्राही’ वाचलं की तो त्या दारूचा पक्का गुणधर्म वाटतो, टँकरवर लिहितात तसा. जलद-मंद हे एकमेकींच्या तुलनेत असतं. बुल्सआय ही दारू १८९८पासून आहे आणि आजही तिला जलदच म्हणतात, ते इतर दारूंच्या शेजारी ठेवून. वेगाच्या तक्त्यांतही नुसता क्रम दिलेला असतो. पाचवी दारू सहावीपेक्षा किती जलद, ते त्यावरून कळत नाही, आणि तक्त्यात शेजारी आहे म्हणून एकीचं वजन दुसरीला लावता येत नाही. प्रत्येक दारूचं वजन उत्पादकाच्या पुस्तिकेतूनच घ्यायचं.

ठासणीवाला
म्हणजे ‘झटक्याची’ बाद?

दहा_मीटर
शीर्षकात घ्या. तक्त्यात ‘जलद’.

अर्धविराम
संपादकांशी आत्ताच फोनवर बोलले. ‘दारू’ला राजी झाले, पण अवतरणचिन्हांत. प्रत्येक वेळी. एका पानावर मोजलं, एकवीस वेळा येते. ‘ज्वालाग्राही’वर अजून अडून आहेत. आणि हा धागा त्यांनी वाचलेला दिसतोय, कारण गुंजेची कल्पना त्यांना ‘अतिशय मराठमोळी’ वाटली.

दहा_मीटर
त्यांचा नंबर द्या.

उंटावरचा
तोवर कुणी मला हे सांगेल का : बोटाने ओढतात तो चाप की घोडा? आमच्या घरी यावरून दोन तट आहेत.

ठासणीवाला
ओढायचा तो चाप. आपटतो तो घोडा.

शुद्धमती
आमच्याकडे ‘घोडा ओढला’ असंच म्हणत.