मदत हवी आहे: तुटवडा, कमतरता, वानवा, ददात यांतला फरक मुलांना कसा समजावू?

नमस्कार मंडळी,

सोलापुरात पूर्व भागातल्या एका शाळेत नववीला मराठी शिकवते. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड. तेलुगूतलं 'कोरत' आणि कन्नडमधलं 'कोरते' पाण्यालाही चालतं, रक्तालाही आणि माणसांनाही. मराठीत एका शब्दावर भागत नाही आणि पोरं तिथेच अडतात.

परवा एकीने निबंधात लिहिलं, 'आजीच्या अंगात रक्ताचा तुटवडा आहे.' अंगात असते ती कमतरता. तुटवडा रक्तपेढीत पडतो. मागणी आहे पण माल पुरत नाही, तिथे तुटवडा: खताचा, औषधांचा, सुट्या पैशांचा. शरीराला हवं तेवढं मिळत नाही, ती कमतरता: लोहाची, ड जीवनसत्त्वाची. एवढं त्यांना पटलं. पैशाची चणचण, अंदाजपत्रकातली तूट, पुराव्याअभावी सुटका, हेही वाक्यं करून घेतल्यावर बसलं.

टंचाईपाशी मात्र एकाने विचारलं, "बाई, उजनी भरलंय, मग पाणीटंचाई कशी?" प्रश्न रास्त आहे. भीमेवरचं एवढं मोठं धरण भरलेलं असतानाही आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं. मी म्हटलं, टंचाई धरणातल्या साठ्यावरून नाही, घागरीत किती पडतं त्यावरून ठरते. माझ्या मते हेच बरोबर. पण 'टंचाईग्रस्त गाव' म्हणताना आटलेल्या विहिरीच डोळ्यांपुढे येतात ना? तुम्ही काय सांगाल?

खरी अडचण पुढेच आहे. 'जाणत्या विणकरांची वानवा' कानाला नीट लागतं, 'साखरेची वानवा' खटकतं. हवी तशी, गुणाची माणसं किंवा वस्तू सहजी सापडत नाहीत तेव्हा वानवा, असं मी धरते. मग 'उणीव' कुठे वेगळी पडते? सगळं जमून आलंय पण एक गोष्ट नाही, तिथे उणीव, एवढंच मला सांगता येतं. नववीच्या मुलाला ते पुरत नाही. आणि 'ददात' तर मी नेहमी नकारातच ऐकलीय: 'खाण्यापिण्याची ददात नाही.' होकारार्थी 'ददात पडली' असं तुमच्या घरी, गावाकडे कुणी म्हणतं का?

व्याख्या नकोत, रोजच्या बोलण्यातली वाक्यं द्या. मुलांना त्यांतूनच कळतं.