अनुभव धागा: एकच छंद आणि कॉलेजचा अर्ज

अमेरिकेतल्या कॉलेजांसाठीच्या कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामायिक अर्जात, उपक्रमांचे १० रकाने असतात. ज्या मुलांनी सगळी वर्षं एकाच गोष्टीला दिली, त्यांच्या घरी ते रकाने बघून पोटात गोळा येतो. तुमच्याकडे काय झालं? काय भरलं, काय सोडून दिलं, तपशिलात लिहा. प्रवेश मिळाला नसेल तरी लिहा.

व्हायोलिनवालीची आई
आम्ही रकाने भरायच्या मागे लागलोच नाही. पण व्हायोलिन म्हणजे काही एकच काम नव्हे. वाद्यवृंद एका रकान्यात, धाकट्या मुलांना शिकवणं दुसऱ्यात, एकल वादन तिसऱ्यात. वर्णनाला जेमतेम १५० अक्षरं मिळतात, स्पेससकट. लेकीच्या पहिल्या खर्ड्यात 'संगीताची मनापासून आवड' असं होतं. तिने ते खोडलं आणि लिहिलं: 'कार्यक्रमाआधी नवख्यांची वाद्यं सुरात लावून देते; अवघड जागा संथ लयीत बसवून घेते.' हे वाचलं की मुलगी डोळ्यांसमोर उभी राहते. जिथे चालत होतं तिथे वादनाचं रेकॉर्डिंगही जोडलं. मला विचाराल तर नावापुरते चार क्लब जोडण्यापेक्षा हे कितीतरी मोलाचं.

जलतरणपटूचा बाबा
खेळाचं गणित वेगळं. प्रशिक्षकाने संघासाठी निवडणं ही एक वाट आणि खेळाडू म्हणून साधा अर्ज करणं ही दुसरी. मुलाच्या शर्यतीतल्या वेळा पहिल्या वाटेला पुरणाऱ्या नव्हत्या, म्हणून दुसरीने गेलो. आणखी एक लक्षात ठेवा: आयव्ही लीगच्या नामांकित विद्यापीठांत आणि एनसीएए या कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या डिव्हिजन ३ मध्ये खेळाची शिष्यवृत्ती नसते. त्या आशेवर पोराच्या खांद्यांची वाट लावू नका, कळकळीने सांगतो.

बुद्धिबळ, ब्रिटन
युकासच्या, म्हणजे ब्रिटनमधल्या विद्यापीठांसाठीच्या सामायिक अर्जात भर असतो विषयावर. मला गणिताला जायचं होतं. बुद्धिबळाला एक वाक्य मिळालं, बाकी सगळं गणित. खेळ मात्र तितकाच चालू आहे.

तारे बघणारी
मी रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणारे तारे बघते. शेजारच्या ठरावीक ताऱ्यांशी तुलना करून तेजस्विता नोंदवायची, वेळ लिहायची आणि ती नोंद आव्हसोकडे (AAVSO, रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची अमेरिकन संघटना) पाठवायची. तिथे हौशी निरीक्षकांच्या नोंदी संशोधक खरोखर वापरतात. एमआयटीचा अर्ज वेगळा असतो, त्यात उपक्रम ४च मागतात. माझ्यासारखीला तो सोयीचा होता, तरी नकार आला. दुसरीकडे प्रवेश मिळाला. नकाराचं कारण कुणी सांगत नाही, त्यामुळे 'छंद कमी पडला' असं मी म्हणणार नाही. ढगाळ रात्रींची कोरी पानंही माझ्या वहीत आहेत, निबंध मी त्यांच्यावरच लिहिला.

थोरली बहीण
शाळा सुटली की धाकट्या भावाला मीच सांभाळायचे. बाकी कशाला वेळच नव्हता. कॉमन ॲपमध्ये कौटुंबिक जबाबदारी हा उपक्रमाचा स्वतंत्र प्रकार आहे. आठवड्याचे तास आणि वर्षातले आठवडेही विचारतात, ते नीट भरा. असली कामं घरात आपण मोजतच नाही. इथे मोजा.