स्वतःच्या सीडीची कॉपी काढणारा चोर कसा?

कानसेन: पायरसीच्या धाग्यावर 'कडक_कायदा' यांनी ठोकून दिलं, "विकत घेतलेल्या सीडीची कॉपी हार्ड डिस्कवर घेणाराही चोरच. एक प्रत घेतलीत, एकच वापरा." तिथे उत्तर लांबलं असतं, म्हणून वेगळा धागा.

अहो, नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच येत नाही. माझ्या सीडीची कडेची चकाकी उडालीय, शेवटची दोन गाणी अडखळतात. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूची फाइल करून ठेवली तर कुणाच्या ताटातलं ओढलं मी? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1984 सालीच बीटामॅक्स (सोनीचा घरगुती व्हिडिओ रेकॉर्डर) खटल्यात सांगितलंय की टीव्हीवरचा कार्यक्रम नंतर बघायला रेकॉर्ड करणं हा फेअर यूज, म्हणजे परवानगीशिवायही चालणारा रास्त वापर आहे.

कडक_कायदा: 5 विरुद्ध 4 मतांनी सांगितलं, तेही 'नंतर बघण्या'पुरतं. कपाटं भरायला परवानगी नाही दिलेली. नुसते मथळे वाचून येऊ नका. आणि ब्रिटनने ऑक्टोबर 2014 मध्ये खासगी कॉपीला दिलेली सूट जुलै 2015 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने रद्द केली, ते सोयीस्कर विसरलात.

उगाच_एक: का रद्द केली तेही लिहा की! हक्कदारांच्या भरपाईची सोय न करता सूट दिली आणि नुकसान नगण्य आहे हे सरकारला पुराव्यानिशी दाखवता आलं नाही, म्हणून. जर्मनीने 1965 पासून रेकॉर्डिंगच्या यंत्रांवर भरपाईचा आकार लावला आणि लोकांना घरी कॉपी करू दिली. संपला वाद.

साथसंगत: संपला? तो आकार जातो कुणाच्या खिशात? आयुष्यभर स्टुडिओत वाजवतोय मी. वाजवलं, पाकीट घेतलं, घरी. अमेरिकेच्या 1992 च्या अशाच आकाराच्या कायद्यातही ध्वनिमुद्रणांच्या निधीतून साथीचे वादक आणि साथीचे गायक मिळून 4 टक्के! बाकीच्यांचं भागल्यावर आमची आठवण.

कडक_कायदा: अवांतर. करारावर सही तुम्हीच केलीत ना?

साथसंगत: सही! स्टुडिओचं भाडं तासावर चालू, पुढचा वादक दाराशी उभा, आणि कागद समोर येतो दोन टेकच्या मधे. "वाचून सांगतो" म्हटलं की पुढच्या वेळी फोन येत नाही. कलाकाराच्या नावाने गळा तुम्ही काढायचा, आणि कलाकार बोलायला लागला की अवांतर?

फिरकी_मोड: +1. कानसेन, धागा पळवला हो तुमचा.

कानसेन: पळवू दे. पण साथसंगत, माझ्या कॉपीने तुमचे पैसे बुडतात का, ते सांगा.

साथसंगत: तुमच्या नाही बुडत. पण ती फाइल तुम्ही 'फक्त भावाला' देता, भाऊ ग्रुपवर टाकतो. माझ्याच शिष्याने माझंच वादन मला फॉरवर्ड केलं होतं, "सर, ऐका, कुणीतरी काय वाजवलंय!" नाव कुठेच नव्हतं. आनंद मानू की रडू?

उगाच_एक: हे वाचून वाईट वाटलं, खरंच. पण माझं दुखणं वेगळं. 'खरेदी करा' असं बटण दाबून घेतलेला चित्रपट एका सेवेने माझ्या यादीतून उडवला. हक्क संपले म्हणे. पैसे परत? नाव काढू नका. आणि आधीच कॉपी काढून ठेवावी म्हटलं तर अमेरिकेत 1998 च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्यानुसार डीव्हीडीचं डिजिटल कुलूप फोडणंच बेकायदा, मग आतली कॉपी कितीही खासगी असो. आता सांगा, चोर कोण?

कडक_कायदा: बरं, तुमच्या चित्रपटापुरतं मान्य. खूश? अटी मात्र वाचल्या नसणारच. आणि सीडी विकून टाकली तर फाइल डिलीट करणार का, हे कानसेनांनी अजून सांगितलेलं नाही.

कानसेन: आधी माझ्या अडखळणाऱ्या सीडीला गिऱ्हाईक शोधून द्या, मग बोलू.

कडक_कायदा: म्हणजे ठेवणार.